म्हातारपणाची लस आणि व्हिसाचा शिक्का

साठी ओलांडलेल्या माणसाला सरकारनं बोलावून घेतलं आणि फुकट लस टोचली, असे प्रसंग आपल्याकडे मोजकेच. कोविडच्या वेळी, १ मार्च २०२१ पासून, तसं झालं. आणि दर वर्षी, फारसा गाजावाजा न होता, हजला निघालेल्यांच्या शिबिरात तसं होतं. सरकारी रुग्णालयाच्या एखाद्या दालनात खुर्च्या मांडलेल्या असतात. कव्हर नंबर, म्हणजे हजच्या अर्जाचा क्रमांक, पुकारला जातो. एका टेबलावर रक्तदाब. दुसऱ्यावर पोलिओचे दोन थेंब. सत्तरीतले आजोबा आ करून ते घेतात आणि आपले आपणच हसतात. तिसऱ्या टेबलावर दंडात मेनिंजायटिसची सुई, पासष्टीच्या पुढच्यांना फ्लूचीही. कार्डावर शिक्का, खाली तारीख, की झालं.

मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाला येणारी सूज, आणि यातली मेनिंजायटिसची लस म्हणजे ती आणणाऱ्या मेनिंगोकोकस या जिवाणूविरुद्धची लस. ज्येष्ठांनी ती घ्यावी का, असं कुणी विचारलंच तर आपल्याकडे दोन उत्तरं मिळतात. व्हिसाला लागते म्हणून घ्या, हे एक. रोग भयंकर आहे, परवडत असेल तर घेऊन टाका, हे दुसरं. पहिल्या उत्तरात कागदाची काळजी आहे, दुसऱ्यात खिशाचा अंदाज आहे. समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा विचार दोन्हींत नाही. माझं म्हणणं असं की ही लस साठीच्या पुढच्या प्रत्येकाला देण्याचं काही कारण नाही. मात्र ज्यांना तिची खरी गरज आहे त्यांच्यापर्यंत ती आज नीट पोचत नाही, आणि ज्या लसींची गरज जवळपास प्रत्येक ज्येष्ठाला आहे त्यांचं नावही कुणी काढत नाही.

आधी व्हिसाची गोष्ट, कारण तो नियम उगाच आलेला नाही. १९८७ च्या हजमध्ये मेनिंगोकोकसच्या ए गटाची साथ पसरली आणि यात्रेकरूंबरोबर देशोदेशी गेली. त्यानंतर सौदी अरेबियानं ए आणि सी गटांविरुद्धची लस सक्तीची केली. २००० साली डब्ल्यू हा वेगळाच गट उफाळला. यात्रेकरू आणि त्यांच्या घरचे मिळून चारशेहून अधिक लोक आजारी पडले. २००१ मध्ये पुन्हा तेच. मग ए, सी, वाय आणि डब्ल्यू अशी चार गटांची लस बंधनकारक झाली.

इथे एक बारकावा आहे. त्या काळातली जुनी, पॉलिसॅकराइड प्रकारची, म्हणजे जिवाणूच्या शर्करेच्या आवरणापासून केलेली लस टोचून घेणाऱ्याला वाचवत होती, पण त्याच्या घशात जाऊन बसलेल्या जिवाणूला हटवत नव्हती. २००१ मध्ये सिंगापूरला परतलेल्या हाजींच्या घशाची तपासणी झाली तेव्हा दर सहा-सात जणांमागे एकाच्या घशात डब्ल्यू गटाचा जिवाणू सापडला. म्हणजे हाजी स्वतः ठणठणीत, आणि घरी त्याची वाट बघणाऱ्या बायकोला किंवा नातवंडाला धोका. आताच्या कॉन्जुगेट लसी, म्हणजे त्या शर्करेला प्रथिन जोडून केलेल्या, घशातला हा मुक्काम कमी करतात, असं सी आणि ए गटांच्या बाबतीत चांगलं सिद्ध झालं आहे. आईवडील सुखरूप परत आले की संपलं, असं या रोगात नसतं.

हजला जाणाऱ्यांवर हज कमिटीची नजर असते. भारताचा कोटा १,७५,०२५ यात्रेकरूंचा. सोडतीत ज्येष्ठांना प्राधान्य असतं, त्यामुळे वयस्कर मंडळी पुष्कळ. पण उमराहचं, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेचं, काय? उमराह वर्षभर चालतो, त्याला सोडत नाही, कोटा नाही. गल्लीतल्या टूरवाल्याकडे पासपोर्ट दिला, पैसे भरले, की दोन आठवड्यांनी माणूस मक्केत. नियमानं लस उमराहलाही लागते. प्रत्यक्षात ती पाहणारं कुणी नसलं तर काय होतं ते २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत दिसलं. उमराहशी जोडलेले मेनिंगोकोकसचे बारा रुग्ण अमेरिका, फ्रान्स आणि ब्रिटन या तीन देशांत सापडले. त्यांतले दहा स्वतः यात्रेकरू, दोघं त्यांच्या निकटच्या संपर्कातले. बहुतेकांमध्ये पुन्हा तोच डब्ल्यू गट. ज्या नऊ जणांच्या लसीची माहिती मिळाली त्यांच्यापैकी एकानंही ती घेतलेली नव्हती. हे सगळे श्रीमंत, कागदपत्रांना पक्के समजले जाणारे देश. आपल्याकडे असा रुग्ण झाला तर तो ओळखू तरी येईल का?

माझ्या मते खरा गुंता या प्रश्नात आहे. मेनिंजायटिस म्हटलं की ताप, उलट्या, असह्य डोकेदुखी आणि ताठ झालेली मान, हे चित्र डोळ्यांपुढे येतं. ते तरुणांचं चित्र आहे. पंचाहत्तरीच्या माणसाला ताप येईलच असं नाही, आला तरी बेताचा येतो. मान तर त्याची दहा वर्षांपासून ताठच असते, स्पाँडिलोसिसमुळे. तो असंबद्ध बोलू लागला, मुलाला भावाच्या नावानं हाक मारू लागला, तर घरचे म्हणतात, वय झालं, आता असंच चालायचं. रक्तात जिवाणू पसरला की अंगावर जांभळट डाग उठतात, दाबले तरी ते फिके होत नाहीत. आपल्या सावळ्या कातडीवर ते चटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय, टाळू, डोळ्यांच्या पापणीची आतली बाजू मुद्दाम पाहावी लागते. त्यातून डब्ल्यू आणि वाय हे गट मोठ्यांमध्ये पुष्कळदा मेंदूच्या आवरणाला हातच लावत नाहीत. ते न्यूमोनिया होऊन येतात, सुजलेला गुडघा होऊन येतात, डब्ल्यूच्या बाबतीत तर जुलाब-उलट्या होऊनही येतात. अमेरिकेत २०२३ मध्ये मेनिंगोकोकसचे ४२२ रुग्ण नोंदले गेले, २०१४ नंतरचे सर्वाधिक. त्या वाढीमागे वाय गटाचा एक विशिष्ट वाण होता, आणि त्याचे रुग्ण प्रामुख्यानं तीस ते साठ या वयातले होते. त्यांच्यातल्या जवळपास दोन तृतीयांश रुग्णांना मेनिंजायटिस नव्हे, रक्तातला संसर्ग झाला होता. मृत्यूचं प्रमाण १८ टक्के निघालं. एरवी ते ११ टक्क्यांच्या आसपास असतं. साठीच्या पुढे ते आणखी चढतं.

आता असा रुग्ण तालुक्याच्या गावी दवाखान्यात आला तर? सलाइन लागतं, जोडीला सेफ्ट्रियाक्सोन सुरू होतं. ते बरोबरच आहे, या रोगात अँटिबायोटिक तासभरही अडवून ठेवू नये. पण त्याआधी कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, रक्त घ्यायला दोन मिनिटं पुरतात, आणि ते घेतलं जातंच असं नाही. मोठ्या गावी नेल्यावर डॉक्टर पाठीतलं पाणी काढायचं म्हणतात. मग कॉरिडॉरमध्ये बैठक भरते. कुणाच्या तरी मावसभावाला पाठीतलं पाणी काढल्यावर लुळेपणा आला होता, असं कुणीतरी सांगतं. तो मावसभाऊ कधीच कुणी पाहिलेला नसतो. सुई कमरेच्या खालच्या भागात जाते, मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो, हे समजावायला डॉक्टरांना उसंत नसते, आणि सहीचा कागद तसाच राहतो. रुग्ण वाचला तर देवाची कृपा, गेला तर दाखल्यावर सेप्सिस किंवा न्यूमोनिया. कोणता जंतू होता ते कुणालाच कळत नाही.

त्यामुळे आपल्याकडे ज्येष्ठांमध्ये हा रोग दुर्मीळ आहे, असं ठामपणे म्हणताना माझी जीभ थोडी अडखळते. भारतात नोंदलेल्या मोठ्या साथी ठाऊक आहेत: दिल्लीत १९८५ आणि पुन्हा २००५, ईशान्येत मेघालय, त्रिपुरा या भागांत २००८-०९ च्या सुमारास. सगळ्या ए गटाच्या, आणि झळ मुख्यतः मुलांना व तरुणांना. मोठ्यांमधल्या जिवाणूजन्य मेनिंजायटिसमध्ये न्यूमोकोकस हा न्यूमोनियाही करणारा जिवाणू कितीतरी पुढे, आणि क्षयाचा मेनिंजायटिस तर आपल्या पाचवीला पुजलेला. सगळं धरून पाहिलं तरी मेनिंगोकोकस हा ज्येष्ठांच्या मरणाच्या कारणांत फार खाली येतो, असं मानायला जागा आहे. पण हे मानणं पक्कं करायचं तर कल्चर आणि पीसीआर जिल्ह्याच्या पातळीवर व्हायला हवेत. लस आणायची की नाही याचा निर्णय त्या आकड्यांवर व्हावा, औषध कंपनीच्या चर्चासत्रातल्या स्लाइडवर नको.

सरसकट लस नको म्हणण्याला आणखी एक कारण आहे, ते लसीच्या माहितीपत्रकातच सापडतं. चार गटांच्या ज्या कॉन्जुगेट लसी वर्षानुवर्षं वापरात होत्या, मेनॅक्ट्रा आणि मेनव्हिओ, त्यांची अमेरिकेतली मान्यता वयाच्या ५५ व्या वर्षी थांबत होती. साठीच्या हाजीला ती टोचली जात होती ती डॉक्टरांच्या विवेकबुद्धीवर, कागदावरच्या वयोमर्यादेबाहेर. छप्पन्नच्या पुढच्यांसाठीही तिथे रीतसर मान्यता मिळालेली अशी पहिली कॉन्जुगेट लस, मेनक्वाडफी, २०२० मध्ये आली. म्हणजे हजच्या सक्तीनंतर जवळपास दोन दशकं अमेरिकेत ज्येष्ठांसाठी तपासून मान्य केलेली चार गटांची कॉन्जुगेट लस नव्हतीच. यात घातक असं काही नव्हतं, लस सुरक्षित होती. पण म्हाताऱ्या शरीरात तिचा प्रतिसाद किती उमटतो आणि किती टिकतो, हे विचारायची तसदी फारशी कुणी घेतली नाही. चाचण्या करायच्या त्या पोरांवर आणि तरुणांवर, आणि म्हाताऱ्यांनी त्यात आपला अंदाज बांधायचा, ही औषधशास्त्राची जुनी खोड आहे.

दुसरीकडे, ज्येष्ठांना या रोगापासून वाचवण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग त्यांच्या दंडातून जातच नाही. हा जिवाणू सुमारे दहा टक्के लोकांच्या नाका-घशात निमूट राहतो, आणि त्याचा मुक्काम सगळ्यात जास्त असतो तो पौगंडावस्थेतल्या मुलांकडे. वसतिगृह, एकाच बाटलीतून पाणी, कॅन्टीनमधली दाटी. इंग्लंडमध्ये डब्ल्यू गटाचे रुग्ण २००९-१० च्या हंगामात २२ होते, ते २०१४-१५ मध्ये १७६ झाले. त्यांत तान्ह्या बाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे होते. सरकारनं ऑगस्ट २०१५ पासून लस दिली ती मात्र किशोरवयीनांना. पोरांचे घसे साफ झाले की आजोबांपर्यंत जिवाणू पोचत नाही, हा हिशेब.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण तर आपल्या पुण्याच्या नावावर आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या आफ्रिकी पट्ट्यात १९९६-९७ मध्ये मेनिंजायटिसच्या साथीनं सुमारे अडीच लाख लोक आजारी पडले आणि पंचवीस हजार दगावले. त्या पट्ट्यासाठी ए गटाची लस बनवायला मोठ्या कंपन्या तयार नव्हत्या. गरीब गिऱ्हाईक कुणाला हवंय? पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेच्या प्रकल्पासाठी ती बनवली, अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून मोहीम सुरू झाली. लस टोचली ती एक ते एकोणतीस या वयातल्यांना. तिशीच्या पुढच्या कुणाला हात लावला नाही, तरी चाडमध्ये तपासणी केली तेव्हा ए गटाचा जिवाणू सगळ्याच वयाच्या लोकांच्या घशातून जवळजवळ नाहीसा झाला होता. २०१७ नंतर त्या पट्ट्यात ए गटाचा एकही खात्रीचा रुग्ण नाही. पुढे सीरमनंच ए, सी, वाय, डब्ल्यू आणि एक्स अशा पाच गटांची मेनफाइव्ह ही लस काढली. जुलै २०२३ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता मिळाली आणि २०२४ मध्ये नायजेरियानं ती सगळ्यांत आधी वापरली. हडपसरच्या रस्त्यानं रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल, कोण जाणे. क्रिकेटचा सामना जिंकला असता तर चौकात फलक लागले असते.

मग मोठ्या वयात ही लस हवी कुणाला? हज-उमराहच्या यात्रेकरूंना, हे झालंच. डिसेंबर ते जून या कोरड्या महिन्यांत आफ्रिकेच्या त्या पट्ट्यात कामाला जाणाऱ्यांना. आणि ज्यांची पानथरी, म्हणजे प्लीहा, काढली आहे किंवा काम करेनाशी झाली आहे त्यांना. ही शेवटची मंडळी कुणाच्याच हिशेबात नाहीत. अपघातात पोटाला मार लागला, पानथरी फुटली, काढावी लागली, माणूस वाचला, घरी गेला. त्यानंतर आयुष्यभर त्याला न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस यांसारख्या जंतूंचा धोका इतरांहून कितीतरी अधिक असतो. साधा ताप त्याच्यासाठी साधा नसतो. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर टाके कधी काढायचे हे लिहिलेलं असतं. लसी कोणत्या आणि कधी, हेही ठळक लिहिलेलं असायला हवं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आहेत. त्या आजारात पानथरी लहानपणीच निकामी होत जाते. पूर्वी हे रुग्ण फार जगत नसत, आता उपचारांमुळे पन्नाशी-साठी गाठू लागले आहेत. त्यांना या लसीचे दोन डोस आणि दर पाच वर्षांनी बूस्टर लागतो. एका डोसाला बाजारात काही हजार रुपये पडतात. कुरखेड्याच्या शेतमजुरानं ते कुठून आणायचे? सरकारनं पैसे घालायचेच असतील तर इथे घालावेत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मी हलका मानत नाही. रोग चोवीस तासांत माणूस नेतो, लस सुरक्षित आहे, मग दुर्मीळ असला म्हणून काय झालं? स्वतःच्या आईबापांच्या बाबतीत कोण टक्केवारी मोजत बसतो? ज्याला परवडतं त्यानं खुशाल घ्यावी, मी आडवा येणार नाही. पण घरातला पैसाही मोजका असतो आणि सरकारचाही. त्याच आईवडिलांना फ्लूची लस दिली आहे का, न्यूमोकोकसची दिली आहे का, हे आधी विचारा. ज्येष्ठांसाठीच्या लसींच्या पॅकेजात मेनिंगोकोकसचं नाव दिसलं की मला शंका येते, यादी रुग्णाकडे पाहून केली की फ्रिजमधल्या साठ्याकडे पाहून. ब्रिटनमध्ये ज्येष्ठांना सरकारी खर्चानं फ्लू, न्यूमोकोकस, नागीण आणि आता आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूची लस मिळते. मेनिंगोकोकसची सरसकट मिळत नाही. आणि डब्ल्यू गटाची साथ त्यांनी स्वतः सोसली आहे.

आपल्याकडे २०१५ च्या स्वाइन फ्लूच्या तडाख्यानंतर राज्य सरकारनं गर्भवती महिला, मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण यांच्यासाठी फ्लूची लस मोफत केली. चांगली गोष्ट. साठीच्या पुढच्या किती मधुमेहींना हे ठाऊक आहे, ते आपल्या सोसायटीत किंवा वाडीत विचारून पाहा. न्यूमोकोकसची लस बाळांना सरकारी कार्यक्रमात मिळते, तीही आता पुण्यात बनते. आजीला हवी असेल तर मेडिकलमधून विकत आणा. सुई टोचायला सिस्टर आहे, शीतसाखळी आहे, नोंदवही आहे. नाही ती फक्त ज्येष्ठांच्या नावाची तारीख.

ती तारीख हज शिबिराच्या वेळेलाच धरता येईल. सध्या हजचे दिवस मे-जूनमध्ये येतात, शिबिरं त्याआधी होतात. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात चढतो, म्हणजे त्याची लस घ्यायची योग्य वेळही एप्रिल-मे. आणि जून-जुलैत आषाढीची वारी निघते, तिच्यात साठी-सत्तरीची माणसं पुष्कळ. पंधरा-वीस दिवस एका राहुटीत, भिजलेल्या कपड्यांनी. वारकऱ्याला मेनिंगोकोकसची लस नको, फ्लूची हवी, आणि शक्य तिथे न्यूमोकोकसची. दालन तेच, टेबलं तीच, सिस्टर त्याच. दिंडीप्रमुखाकडे माणसांची यादी असतेच. उमराहच्या टूरवाल्याकडेही असते. पासपोर्ट घेतानाच त्यानं लसीच्या कार्डावरची तारीख पाहिली पाहिजे, कारण लस पोचायच्या निदान दहा दिवस आधी टोचलेली असावी लागते. हे त्याच्या परवान्याशी जोडता येईल, आणि जिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस उमराहवाल्यांसाठी राखला की पैशांची सबबही उरणार नाही. उरलेले दिवस दिंड्यांच्या याद्यांना द्यावेत.